बिघाडालाही सूर असतो

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की वायरीतून ॲम्प्लिफायरकडे किती शक्ती जाते? साधारण एका वॅटचा दहा कोटीवा हिस्सा. आणि स्पीकरला किती मिळते? १९५९ सालचा फेंडर बासमन ॲम्प समोर ठेवला तर चाळीस वॅटच्या आसपास. भागाकार करून पाहा. चारशे कोटी पट! आणि हे करणारं यंत्र केवढं? सहा काचेचे व्हॉल्व्ह, दोन मोठे ट्रान्सफॉर्मर आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत मावतील एवढे रेझिस्टर आणि कपॅसिटर. सगळं एका लाकडी खोक्यात बसतं आणि घरच्या टेबलावर उलटं करून बघता येतं.

एके दिवशी हे यंत्र बिघडतं. घूं करतं, करकरतं, शिट्टी मारतं, नाहीतर ठार गप्प बसतं. बहुतेक जण तिथेच हात टेकतात. पण जरा थांबा. ज्या यंत्राचं कामच बारीक गोष्ट मोठी करून ऐकवणं, ते स्वतःचं दुखणं लपवेल कसं? आत जे बिनसलेलं असतं तेसुद्धा ते मोठं करूनच सांगतं. प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळा आणि तो आवाज नेमकी जागा दाखवतो. आपल्याला फक्त तो ओळखायला शिकायचं आहे.

त्यासाठी आधी सुराची वाट माहीत हवी. पोलादी तार चुंबकावर थरथरते. त्या चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात आणि ही तांब्याची तार मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याइतकी बारीक असते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं होतं की वेटोळ्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज उमटते. गिटारचा पिकअप म्हणजे तोच प्रयोग. तार हलली, क्षेत्र हललं, वेटोळ्यात व्होल्टच्या दहाव्या भागाएवढी वीज उमटली. सूर आता वायरीत आला.

तिथून तो पहिल्या व्हॉल्व्हमध्ये शिरतो आणि इथे खरी जादू सुरू होते. निर्वात काचेच्या नळीत मधोमध एक तापलेली कॅथोड असते. ती नारिंगी होईपर्यंत तापवली की तिच्यावरच्या बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या लेपातून इलेक्ट्रॉन अक्षरशः उकळून बाहेर पडतात. समोर धातूची प्लेट असते आणि तिच्यावर दोनशे व्होल्टचा धन दाब. त्या ओढीने इलेक्ट्रॉन सेकंदाला आठ हजार किलोमीटरहून जास्त वेगाने प्लेटवर जाऊन आदळतात. या दोघांच्या मध्ये ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली एक साधी तारेची जाळी बसवली आणि विसाव्या शतकाचा आवाजच बदलून गेला.

ही जाळी करते तरी काय? ज्याने शेतात रात्री दारं धरली आहेत त्याला हे चटकन कळेल. मोटरचं सगळं पाणी पाटातून धो धो येत असतं. दारं धरणारा खोऱ्याने जरा माती सरकवतो आणि अख्खा लोंढा या वाफ्यातून त्या वाफ्यात वळतो. पाणी वाहतं मोटरच्या जोरावर, हा फक्त वाट दाखवतो. गिटारची नाजूक वीज जाळीवर तेच करते. जोर भिंतीतल्या सॉकेटचा, वळण गिटारचं. एका १२एएक्स७ व्हॉल्व्हच्या काचेत अशा दोन जोड्या असतात आणि एकेक जोडी सुराला पन्नास-साठ पटींनी सहज मोठं करते.

असे दोन-तीन टप्पे ओलांडले की सूर मोठ्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये येतो, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि शेवटी स्पीकरमध्ये. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांना कुठेही जोडलेली नसतात. सूर एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जातो तो केवळ चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने. म्हणजे तारेपासून कानापर्यंतच्या प्रवासात सूर तीनदा चुंबकाच्या स्वाधीन होतो: पिकअपमध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि स्पीकरमध्ये. तिन्ही ठिकाणी फॅरेडेच्याच काळातलं विज्ञान राबतं आहे.

ही वाट माहीत करून घेतली की फायदा केवढा! लिओ फेंडरने १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. वादकांचे बिघडलेले ॲम्प उघडता उघडता तो स्वतःचे ॲम्प बनवायला लागला. १९६२ च्या सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल याच्या वाद्यांच्या दुकानात केन ब्रॅन हा दुरुस्तीचं काम करायचा. त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी फेंडरच्या बासमनची मांडणी समोर ठेवून पहिला मार्शल ॲम्प उभा केला. रॉक संगीताचा निम्मा आवाज दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला आहे. म्हणून तर हे ॲम्प उघडायला सोपे आहेत आणि एकाची वाट कळली की बाकीच्यांची निम्मी कळते.

आता दुरुस्ती. पहिला नियम असा की स्क्रू ड्रायव्हर सर्वांत शेवटी. ॲम्प गप्प झाला असेल तर आधी वायर बदला, मग गिटार बदला. निम्मे ‘बिघडलेले’ ॲम्प इथेच बरे होतात! मागच्या बाजूला सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतील तर एक आखूड वायर घेऊन ती एकमेकांना जोडा. आवाज आला? मग दोषी आहे रिटर्न जॅकमधली एक इवलीशी पत्ती. त्या जॅकमध्ये काही खुपसलेलं नसतं तेव्हा सूर त्या पत्तीवरून पुढे जातो. तिच्यावर गंज चढला की वाट तुटते. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत तर हे हमखास होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा, जॅक चार-सहा वेळा आतबाहेर करायचा, झालं.

तरीही गप्प? मग गिटारची वायर थेट रिटर्नमध्ये लावा. आवाज आला, अगदी बारीक का असेना, तर पॉवरचा मागचा भाग ठणठणीत आहे आणि बिघाड पुढच्या भागात आहे. एका चाचणीत निम्मे संशयित सुटले. या पद्धतीची ताकद लक्षात आली का? चौसष्ट ठिकाणी बिघाड असू शकत असेल आणि प्रत्येक चाचणीने निम्मी ठिकाणं वगळता आली, तर सहा चाचण्यांत एकच जागा उरते. चौसष्ट भाग एकेक करून बदलत बसायची गरजच नाही.

स्पीकरचीही अशीच परीक्षा घेता येते. तो ॲम्पपासून पूर्ण सोडवा आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. धप् आवाज येऊन पडदा हलला तर स्पीकर जिवंत. मीटर लावलात तर आठ ओहमचा स्पीकर सहा-सात ओहम दाखवेल. घाबरू नका, ते बरोबरच आहे. आठ हा आकडा बदलत्या विजेला होणाऱ्या विरोधाचा. मीटर मात्र स्थिर विजेला होणारा विरोध मोजतो.

एक पथ्य मात्र कायम पाळा. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका. बाहेर पडायला वाट नसली की ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा उलट फिरते, हजारो व्होल्टच्या ठिणग्या उडवते आणि ॲम्पमधला सर्वांत महाग भाग जळून जातो.

आता घूं घूंकडे वळू. मला तर सगळ्यांत विलक्षण वाटतो तो हाच बिघाड. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाऊन मागे येते. ॲम्पला लागतो एकाच दिशेचा दाब. म्हणून आत आलेल्या विजेच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवल्या जातात. त्यामुळे सेकंदाला पन्नासच्या जागी शंभर लाटा उठतात. त्या लाटा सपाट करण्याचं काम मोठ्या फिल्टर कपॅसिटरांचं. कपॅसिटर थकला की या शंभर लाटा थेट सुरात मिसळतात.

आणि शंभर हर्ट्झ म्हणजे काय? गिटारच्या सहाव्या, जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबा. तो जी आहे, ९८ हर्ट्झ. पेटीवर बोलायचं तर खर्जातली पांढरी पाच. घूं त्याला जवळपास जुळला आणि किंचित चढा वाटला, तर तो शंभरचा आहे आणि फिल्टर कपॅसिटर संशयित. तो याहून एक सप्तक खाली वाजत असेल तर तो पन्नासचा आहे. मग कारण वेगळं: व्हॉल्व्ह तापवणारी वायर, बिघडलेलं अर्थिंग किंवा बाहेरून येणारी वीज. कानाने नुसतं सप्तक ओळखलंत की ॲम्पचा कुठला भाग आजारी आहे ते कळतं! अमेरिकेत वीज सेकंदाला साठ वेळा पुढे जाऊन मागे येते, म्हणून तिथले आजारी ॲम्प १२० हर्ट्झवर, पांढऱ्या सातच्या किंचित खाली घुमतात. विजेलाही स्वतःची पट्टी असते.

आणखी दोन प्रश्न विचारा. गिटारचं व्हॉल्यूम शून्य केल्यावर घूं थांबतो का? थांबत असेल तर ॲम्प निर्दोष आहे. गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घूं एका दिशेला वाढेल, दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीसा होईल. तुम्ही त्या क्षणी खोलीतल्या वायरिंगचं आणि ट्रान्सफॉर्मरांचं अदृश्य चुंबकीय क्षेत्र कानाने ऐकत असता. दुसरा प्रश्न असा: ॲम्पचं व्हॉल्यूम कमी केल्यावर घूं कमी होतो का? होत असेल तर तो व्हॉल्यूमच्या आधी शिरतो आहे, नसेल तर नंतर. पुन्हा निम्मे संशयित सुटले.

आता त्या थकलेल्या कपॅसिटरच्या आत डोकावू. ॲल्युमिनियमची पट्टी, ओलसर कागद, पुन्हा पट्टी, अशी ती गुंडाळी असते. पट्टीवर ऑक्साइडचा थर असतो, एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. आणि तो थर साडेचारशे व्होल्ट अडवून धरतो! वर्षं सरतात, ओल सुकते, कपॅसिटर कमजोर होतो. पंधरा-वीस वर्षांनी तो बदलायची वेळ येते. पण ॲम्प नुसता पडून राहिल्यामुळे थर झिजला असेल तर एक चमत्कार शक्य आहे. मर्यादित प्रवाह देत दाब हळूहळू चढवला की त्याच विजेने नवा ऑक्साइड उगवतो आणि थर पुन्हा भरून येतो.

डोळ्यांचंही काम आहे. ॲम्प अंधारात लावा आणि मागच्या बाजूने व्हॉल्व्ह बघा. नारिंगी तेज म्हणजे ठीक. काचेच्या भिंतीवर निळसर छटा दिसली तरी काळजी नको, भटके इलेक्ट्रॉन काचेला उजळतात. पण आतल्या भागांमध्ये जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर आत वायू शिरला आहे. काचेच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो पाहा. तो बेरियमचा असतो आणि चुकून राहिलेला हवेचा कण न् कण गिळण्यासाठीच तिथे ठेवलेला असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला तडा गेला, हवा आत आली आणि बेरियमने तिला गिळता गिळता स्वतःला संपवलं. मीटर नको, चाचणी नको. तो व्हॉल्व्ह गेला.

आणि पॉवर व्हॉल्व्हची राखाडी प्लेट लाल तापलेली दिसली तर त्याच क्षणी स्विच बंद करा. जाळीचा लगाम सुटला आहे, इलेक्ट्रॉनांचा मारा अनावर झाला आहे. बहुतेक वेळा कारण असतो आधीच्या टप्प्यातला एखादा छोटा कपॅसिटर. त्याचं काम सुराला पुढे जाऊ देणं आणि स्थिर दाबाला अडवणं. तो गळका झाला की दाब जाळीपर्यंत पोचतो आणि पुढचा सगळा अनर्थ होतो.

आता खोकं उघडण्याची वेळ. इथे मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगतो: हा भाग दोनदा वाचा. ॲम्प बंद केला, वायर काढली, तरी आत चारशेहून जास्त व्होल्ट दडलेले असू शकतात. पन्नास मायक्रोफॅरडचा आणि ४५० व्होल्टला भरलेला कपॅसिटर पाच जूल ऊर्जा धरून ठेवतो. ती हातातून छातीत उतरली तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी मीटरने दाब मोजा. मग १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, नीट इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी, कपॅसिटरचं धन टोक आणि लोखंडी चॅसी यांच्यामध्ये जोडून ठेवा. मिनिटाभराने पुन्हा मोजा. आणि थोड्या वेळाने परत एकदा मोजा, कारण रिकामा केलेला कपॅसिटर स्वतःहून थोडा भरून येतो! आतल्या थरात मुरलेली वीज हळूहळू बाहेर येते. मोजताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात हृदयावाटे जाऊ शकत नाही.

अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात आणि वादकाची बोटं त्या तारांवर असतात. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच गेला. ती पिन म्हणजे जीव.

फ्यूज काढून उजेडात धरा. तार मधोमध शांतपणे तुटलेली दिसली तर बहुधा तो वयाने गेला असेल. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत शॉर्ट आहे. अशा वेळी मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. आणि अमेरिकेहून आणलेला ॲम्प असेल तर मागचा आकडा आधी वाचा. तिथला १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावला की त्याला जवळजवळ दुप्पट दाब मिळतो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना आपल्या रेडिओ मेकॅनिकांची जुनी युक्ती वापरा: सिरीज बोर्ड. ॲम्पच्या वाटेत तारेचा जुना शंभर वॅटचा बल्ब जोडायचा. या बल्बमध्ये एक अप्रतिम गुण आहे. थंड असताना त्याचा विरोध साधारण चाळीस ओहम, तापला की पाचशेच्या वर! ॲम्प निरोगी असेल तर बल्ब क्षणभर पेटतो आणि मग मंदावतो, कारण थोड्या विजेला तो सहज वाट देतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो, तापतो, विरोध दहा-बारा पटींनी वाढवतो आणि वीज स्वतःच अडवतो. एका बल्बमध्ये निदान आणि संरक्षण दोन्ही. एलईडी बल्ब मात्र इथे कुचकामी, तार तापायलाच हवी.

करकर आणि खरखर यांचीही भाषा असते. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना करकरलं तर आधी धूळ समजा आणि क्लीनर मारा. तरीही करकर राहिली तर बटणाला दोष देऊ नका. त्याच्या आधीचा कपॅसिटर स्थिर दाब गळू देतो आहे आणि बटण फिरताना तो दाब कर्र करून उड्या मारतो. ॲम्प जोरात वाजवल्यावरच आवाज तुटत असेल तर बहुधा कुठेतरी सोल्डर तडकला आहे. पहिल्या व्हॉल्व्हला लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून ‘टिंग’ असा घंटेसारखा नाद आला तर आतली जाळी सैल झाली आहे. व्हॉल्व्ह चक्क मायक्रोफोन बनला आहे आणि स्पीकरचा आवाज ऐकून त्याला शिट्टी मारावीशी वाटते आहे.

तडकलेला सांधा पुन्हा सोल्डर करताना एक क्षण थांबून बघा. कथिल वितळतं २३२ अंशांना, शिसं ३२७ ला. पण ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं की मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, दोघांच्याही खाली! आणि ते एका झटक्यात घट्ट होतं, मध्ये चिखलासारखी अवस्था येतच नाही. दोन धातू भेटले आणि दोघंही मऊ झाले. या एका गुणावर विसाव्या शतकातलं अख्खं इलेक्ट्रॉनिक्स उभं राहिलं.

मग मीटर. बऱ्याच ॲम्पमध्ये पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला दीड किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. त्याच्या दोन टोकांमध्ये दीड व्होल्ट मिळाला की ओहमच्या नियमाने एक मिलिअँपिअर वाहतोय. तो आकडा कशाचा आहे? त्या काचेतून दर सेकंदाला सुमारे ६२ कोटी कोटी इलेक्ट्रॉन उडी मारत आहेत आणि तुम्ही शे-दोनशे रुपयांच्या मीटरने ते मोजले! प्लेटवर पुरवठ्याइतकाच पूर्ण दाब असेल तर इलेक्ट्रॉन निघतच नाहीत, व्हॉल्व्ह किंवा कॅथोडचा रेझिस्टर मेला. प्लेटवर काहीच नसेल तर प्लेटचा रेझिस्टर तुटला. दोन मापं, दोन निकाल. काचेच्या आत न शिरता आतली सगळी हकिगत कळते.

सगळं दुरुस्त झालं. आता गिटार न लावता व्हॉल्यूम पूर्ण वाढवा. एक मऊ ‘सूं’ राहिला आहे, नाही का? तो काढायला जाऊ नका. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सन या शास्त्रज्ञाने हा आवाज मोजला आणि हॅरी नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ साली छापून आले. कुठल्याही रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन खोलीच्या उष्णतेने सतत अस्वस्थ असतात आणि त्यांच्या धडपडीची वीज होते. ॲम्पच्या तोंडाशी बसलेल्या ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ती साधारण तीन मायक्रोव्होल्ट निघते आणि पुढचे टप्पे तिला कानापर्यंत आणतात. त्या ‘सूं’मध्ये तुम्ही उष्णता ऐकत असता, पदार्थाच्या कणांची हालचाल ऐकत असता. जॉन्सनने याच आवाजावरून भौतिकशास्त्रातला बोल्ट्झमनचा स्थिरांक काढून दाखवला होता!

आणि प्रत्येक बिघाड बरा करायलाच हवा असंही नाही. १९५१ साली आइक टर्नरचा बँड मेम्फिसला रेकॉर्डिंगला पोचला तेव्हा गिटारचा ॲम्प वाटेत खराब झाला होता. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याने फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि त्या फुटक्या आवाजात ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड झालं. पुढे नॅशव्हिलच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या वेळी मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि गिटारवादक ग्रेडी मार्टिनचं वादन चिरक्या, गुरगुरत्या आवाजात आलं. ध्वनी-अभियंता ग्लेन स्नॉडीने तो आवाज जाणूनबुजून देणारं मंडल बनवलं आणि १९६२ साली ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने दुकानात आलं. १९६४ साली किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने कापला, फाटका आवाज मिळावा म्हणून. लाट कापली गेली की तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे सूर उगवतात. साध्या तारेला अचानक दाट आवाज येतो. रॉक संगीताची ओळख ठरलेला आवाज बिघाडातूनच सापडला.

म्हणून ॲम्प बंद पडला की तो भंगारात देऊ नका. १९५९ च्या आराखड्यावर बनलेल्या ॲम्पचा प्रत्येक भाग आजही विकत मिळतो. व्हॉल्व्ह स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये तयार होतात. रेझिस्टर आणि कपॅसिटर तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतात. आधी ऐका, मग बाहेरून तपासा, मगच स्क्रूला हात लावा. आणि आतल्या दाबाबद्दल मनात जराही शंका असेल तर खोकं न उघडता ते जाणत्या मेकॅनिककडे न्या. त्याला मात्र ‘बंद पडलाय’ एवढंच सांगू नका. सांगा, ‘घूं शंभरचा आहे, व्हॉल्यूम कमी केल्यावर जात नाही, स्पीकर तपासलाय, व्हॉल्व्हवरचा डाग चंदेरी आहे.’ निम्मी दुरुस्ती तुम्ही घरीच केलेली असेल.